पिसांका

मेणाचा लेप आणि रंगाची बुडी यांच्या आधारे, म्हणजे बाटिक पद्धतीने, नक्षी काढलेले कच्चे अंडे. युक्रेनमध्ये ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पिसांका करतात. उकडून एकाच रंगात बुडवलेली ‘क्राशांका’ खाण्यासाठी. पिसांका मात्र भेट देतात किंवा घरात जपतात. कार्पेथियन डोंगरातील हुत्सुल लोकांच्या समजुतीनुसार, कड्याला जखडलेला दुष्ट सर्प दरवर्षी पिसांकांची मोजदाद करवतो. त्या कमी भरल्या की त्याच्या साखळ्या सैल पडतात.

चिन्हे : आठ टोकांचा तारा सूर्याचा, अंड्याभोवती फिरणारी अखंड नागमोडी रेघ अनंताची, दाताळे पावसाचे. ‘सोरोकोक्लिन’ नावाच्या नक्षीतील ४० त्रिकोणांचा संबंध उपवासाच्या ४० दिवसांशी जोडतात, सूर्यपूजेच्या काळातील खुणांवर ख्रिस्ती अर्थ असे चढत गेले. हात उंचावलेल्या स्त्रीच्या आकृतीला ‘बेरेहिन्या’ म्हणतात. पण ती आदिमाता असल्याचे ठाम विधान बरेचसे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. चिन्हांच्या अर्थांचे तयार तक्ते सावधपणेच वाचावेत. गावागावांतली नावे साधी असतात : मेंढ्याची शिंगे, लांडग्याचे दात. एकाच आकृतीला शेजारच्या गावात दुसरे नाव असू शकते. संशोधक कुल्झिन्स्की यांनी युक्रेनमधील लुब्नी येथील पिसांका-संग्रहाची सूची १८९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात दोन हजारांहून अधिक नमुने आहेत. पश्चिम युक्रेनमधील कोलोमिया येथे २००० पासून पिसांकांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. २०२४ मध्ये युनेस्कोने ही कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

कृती : तडा नसलेले, खोलीच्या तापमानाचे अंडे घ्यावे. हाताचा तेलकटपणा लागला तर तिथे रंग धरत नाही. पेन्सिलीने फिकट आखणी करावी. खोडरबर वापरू नये, डाग राहतो. ‘किस्तका’ म्हणजे काडीला बसवलेली धातूची बारीक नळी. ती मेणबत्तीवर तापवून मधमाश्यांचे मेण भरावे आणि पांढऱ्या राहायच्या रेघा आधी झाकाव्यात. मग पिवळ्या रंगात बुडवून पुसावे, पिवळा भाग मेणाने झाकावा. पुढे नारिंगी, लाल, शेवटी काळा. क्रम फिकटाकडून गडदाकडेच, कारण गडदावर फिकट रंग दिसत नाही. पूर्वी पिवळ्यासाठी सफरचंदाच्या झाडाची साल, तपकिरीसाठी कांद्याची साले वापरत. शेवटी अंडे ज्योतीच्या बाजूला धरून वितळलेले मेण टिपावे. ज्योतीच्या वर धरल्यास काजळी बसते.

आतला बलक सुकायला काही वर्षे लागतात. तोवर अंडे हवेशीर ठेवावे. उन्हात किंवा बंद डब्यात वायू साचून ते फुटते. म्हणून अलीकडे अनेकजण बारीक छिद्र पाडून अंडे रिकामे करतात.