पहिला डीजे सेट घेताना : नव्या मोबाइल डीजेंसाठी माहितीपत्रक

नाशिकमध्ये नव्या डीजेला पहिल्या मोसमात कोणती कामं मिळतात? ओळखीतला वाढदिवस, कॉलनीतली हळद, बारसं, एखादा साखरपुडा, नवरात्रात सोसायटीचा गरबा. माणसं शंभर-दीडशे. जागा म्हणजे पार्किंग, गच्ची, छोटा हॉल, फार तर लॉन्सचा एक कोपरा. गंगापूर रोडवरच्या मोठ्या लॉन्समधलं हजार पानांचं लग्न पहिल्या वर्षी हाती लागत नाही, आणि लागलंच तर त्याला लागणारा माल भाड्याने मिळतो. तेव्हा पहिला सेट घ्यायचा तो या दीडशे माणसांसाठी.

आमच्या दुकानात येणाऱ्या बहुतेक मुलांनी कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं यंत्र) आधीच ठरवलेला असतो, स्पीकरचं मात्र "बघू नंतर" असतं. आमचा सल्ला बरोबर उलटा आहे. घरी चालण्याजोगा लॅपटॉप आहे आणि हातात लाखभर रुपये आहेत असं धरलं, तर साधारण पन्नास-पंचावन्न हजार दोन टॉपवर, म्हणजे स्टँडवर ठेवायच्या मुख्य स्पीकरवर, घाला. कंट्रोलर वीस-पंचवीस हजारांच्या आसपासचा घ्या. उरलेले माइक, छोटा मिक्सर, स्टँड, वायरी आणि विजेच्या सामानाला ठेवा. बेस, म्हणजे फक्त खालचा धमधम आवाज देणारे वेगळे मोठे बॉक्स, विकत घेऊ नका. आम्ही बेसही विकतो, तरी हेच सांगतो. दोन बेस घेतले की छोटा हत्ती लागतो, उचलायला दोन पोरं लागतात, ठेवायला गाळा लागतो आणि दोन-तीन हजारांच्या वाढदिवसाच्या कामात हातात काही उरत नाही. काम मोठं आलं की त्या दिवसापुरता बेस भाड्याने घ्या आणि भाडं गिऱ्हाइकाच्या बिलात धरा.

स्पीकर

पहिल्या सेटसाठी ॲक्टिव्ह टॉपच घ्या, म्हणजे ज्यांच्या पोटातच ॲम्प (आवाजाला ताकद देणारं यंत्र) असतो ते. पॅसिव्ह बॉक्स आणि वेगळा ॲम्प दिसायला स्वस्त पडतो, पण ॲम्प कोणाला किती ओहमवर किती वॉट देतो हे जुळवावं लागतं. ८ ओहमचे दोन बॉक्स एकाच चॅनेलवर समांतर जोडले की ॲम्पला ४ ओहम दिसतात, चार जोडले की २. ४ ओहमपर्यंतच चालणाऱ्या ॲम्पवर चार बॉक्स लावले तर तो तापतो, मध्येच बंद पडतो, नाहीतर जळतो. ॲक्टिव्हमध्ये कंपनीने ॲम्प आणि ड्रायव्हर (बॉक्सच्या आतला आवाज काढणारा भाग) एकमेकांशी जुळवूनच दिलेले असतात, शिवाय बहुतेकांत आवाज हाताबाहेर जाऊ न देणारा लिमिटर असतो.

१२ इंची घ्यायचा की १५ इंची? हळदीला आणि गरब्याला खालचा आवाज लागतो, म्हणून वेगळा बेस नसेल तर १५ इंची बरा. पण जिन्याने तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत एकट्याने चढवायचा असेल तर १२ इंची. उद्या बेस भाड्याने आणलात की १२ इंचीवाल्याला कमीपणा उरत नाही, कारण खालचा आवाज बेस सांभाळतो आणि टॉप मोकळा वाजतो. आमचा कल १२ इंचीकडे आहे.

बॉक्सवरचे वॉट बघून हुरळून जाऊ नका. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा पीकचा, म्हणजे क्षणभर पेलणारा असतो. विचारायचा तो आरएमएस, म्हणजे सलग पेलणारा आकडा. तो अनेकदा पीकच्या निम्मा असतो, कधी पावही असतो. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. म्हणून पाचशेऐवजी हजार वॉटचा घेतला म्हणजे दुप्पट आवाज आला असं होत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात मॅक्झिमम एसपीएल, म्हणजे बॉक्स जास्तीत जास्त किती डेसिबल देतो ते, लिहिलेलं असतं, दोन बॉक्सची तुलना त्यावरून करा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरवर १२४ डेसिबल देणारा बॉक्स ८ मीटरवर १०६च्या आसपास देतो, आणि नाचणारे त्या ८ मीटरच्या आतच असतात. मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या आजी-आजोबांना तसाही कमी आवाज हवा असतो.

स्टँडला काटकसर करू नका. बॉक्सचा हॉर्न (वरचं, बारीक आवाजाचं तोंड) उभ्या माणसाच्या डोक्याच्या थोडा वर यायला हवा. खाली ठेवलेला बॉक्स पहिल्या रांगेचे कान फोडतो आणि मागे काहीच पोचत नाही. स्टँडचे पाय पूर्ण फाकवा, पायावर वाळूची पिशवी टाका आणि वायर पायाला एक वेढा देऊन सोडा. म्हणजे पोराचा पाय अडकला तरी वायर ओढली जाईल, बॉक्स खाली येणार नाही.

कंट्रोलर आणि लॅपटॉप

कंट्रोलरमध्ये दोन गोष्टी बघा : साउंड कार्ड आत आहे का, आणि हेडफोनला वेगळा आउट आहे का. या दोन्हींशिवाय पुढचं गाणं आधी ऐकता येत नाही, मग मिक्सिंग कसलं करणार! पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ सध्या शिकाऊ मुलांत जास्त चालतो आणि तो योग्यच आहे. लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या डीजेच्या दोन्ही सॉफ्टवेअरवर चालतो, आणि तो जोडला की रेकॉर्डबॉक्सचा परफॉर्मन्स मोड, म्हणजे लॅपटॉपवरून गाणी मिसळायचा भाग, वेगळे पैसे न भरता उघडतो. हर्क्युलिस आणि न्यूमार्कचे सुरुवातीचे मॉडेल त्याहून स्वस्तात मिळतात, शिकायला ते पुरेसे आहेत. चार चॅनेलच्या मागे लागू नका. हळदीत कोणी चार डेक, म्हणजे एकाच वेळी चार गाणी, वाजवत नाही.

लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर भागतं. कार्यक्रमाला बसण्याआधी वाय-फाय बंद, अपडेट बंद, चार्जर लावलेला. गाणी स्वतःच्या डिस्कवर ठेवा, कारण दिंडोरी-घोटीकडच्या एखाद्या लॉन्सवर नेटच्या भरवशावर बसणं धोक्याचं. व्हॉट्सॲपवरून आलेली आणि व्हिडिओतून काढलेली गाणी घरी इअरफोनवर बरी वाटतात, मोठ्या बॉक्सवर मात्र पत्र्यासारखी वाजतात. ३२० केबीपीएसची फाइल घ्या. आणि बॉक्सला ब्लूटूथने जोडून डीजे करता येत नाही, कारण आवाज जॉगच्या (कंट्रोलरवरच्या फिरवायच्या चकतीच्या) मागे राहतो. ब्लूटूथ जेवणाच्या वेळी मंद गाणी लावण्यापुरतं.

माइक आणि मिक्सर : इथेच नाव होतं किंवा जातं

कार्यक्रम संपल्यावर यजमान तुमच्या मिक्सिंगबद्दल काही बोलत नाही. माइकने शिट्टी मारली, मामांचं भाषण कळलं नाही, एवढं मात्र तो सगळ्यांना सांगतो. म्हणून एक चांगला वायरचा डायनॅमिक माइक घ्याच. अहुजाचे माइक खिशाला परवडतात आणि त्यांचे सुटे भाग सगळीकडे मिळतात. श्युअर एसएम५८ परवडला तर वर्षानुवर्षं बघायला नको, पण त्याचे नकली इतके फिरतात की पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका. कॉर्डलेस नंतर घ्या. घेतलात की दर कार्यक्रमाला नवे सेल घाला आणि वायरचा माइक शेजारी जोडून ठेवा.

कंट्रोलरला माइकचं भोक असलं तरी आम्ही छोटा मिक्सर सुचवतो. यामाहा एमजी१०एक्सयू किंवा बेहरिंगरचा झेनिक्स यांच्यासारखा. त्याची कारणं रोजच्या कामातली आहेत. यूएसबीवर चालणाऱ्या कंट्रोलरचा माइक लॅपटॉप अडकला की त्याच्याबरोबर जाऊ शकतो. मिक्सरवर माइक वेगळा असला की गाणं थांबलं तरी निवेदक बोलत राहतो आणि तेवढ्यात मिक्सरला जोडून ठेवलेल्या मोबाइलवरून गाणं सुरू करता येतं. शिवाय बहुतेक स्वस्त कंट्रोलरचा आउट आरसीए, म्हणजे टीव्हीला लागतात तशा लाल-पांढऱ्या पिनांचा, असतो. आरसीएची लांब वायर ओढली की घरघर येते, मोबाइलची टिकटिक येते. कंट्रोलर ते मिक्सर आरसीए दीड-दोन मीटरच ठेवा. मिक्सर ते बॉक्स कॅनन (एक्सएलआर) वायर टाका, ती बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरून शिरणारी घरघर कापणारी, असल्याने वीस-पंचवीस मीटरही स्वच्छ जाते.

माइक शिट्टी मारायला लागला की पोरं आधी ट्रेबल पाडतात. आधी माणूस हलवा. माइक धरलेला माणूस बॉक्सच्या पुढे गेला की शिट्टी येणारच. बॉक्स पुढे, माइक मागे. आणि माइकची जाळी मुठीत धरू नका असं भाषण करणाऱ्याला नम्रपणे सांगा.

लाल दिवा हा आणखी एक मुद्दा. कंट्रोलर, मिक्सर, बॉक्स, तिन्हीकडे क्लिपचा, म्हणजे सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याचं सांगणारा, दिवा असतो. रात्री नऊनंतर "दादा, अजून वाढव" सुरू होतं आणि हात मास्टरवर (एकूण आवाजाच्या बटणावर) जातो. लाल दिवा सतत जळत राहिला की आवाज वाढत नाही, फाटतो, आणि त्या फाटक्या सिग्नलने आधी हॉर्नचा ड्रायव्हर जातो. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या टॉपमध्ये हीच तक्रार जास्त असते.

वीज

या विभागाला वेळ द्या. डेकोरेटरच्या तात्पुरत्या बोर्डातून लाइन घेताना आधी मल्टिमीटर लावा. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास दिसलं पाहिजे. थ्री-फेजच्या बोर्डात न्यूट्रल सैल झाला की एका फेजवर व्होल्टेज पडतं आणि दुसऱ्यावर चढतं, अगदी ४००च्या जवळपास जाऊ शकतं. तिथे पिन घातली की बॉक्स, मिक्सर आणि लॅपटॉपचा चार्जर, सगळं एका क्षणात गेलं. दिवे कमी-जास्त होताना दिसले, किंवा मीटरचा आकडा २६०च्या वर नाचताना दिसला, तर यजमान कितीही घाई करोत, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत काही जोडू नका. जनरेटरवर गेल्यावर पुन्हा मोजा.

एक्स्टेंशन २.५ चौरस मिमी तांब्याच्या तीनपदरी वायरचं, १६ अँपिअरच्या सॉकेटचं करून घ्या. रिळावरची वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली तापते. साउंडचं सगळं सामान एकाच पॉइंटवरून घ्या, म्हणजे घरघर कमी येते. लाइट दुसऱ्या पॉइंटवर. घरघर जावी म्हणून अर्थिंगची पिन कापणारे बरेच भेटतील. कृपा करून तसं करू नका. ओल्या हिरवळीवर हातात माइक धरून उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या पिनेवर असतो. घरघर घालवायला डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर मिळतो. बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घेता आला तर फारच उत्तम.

नाशिकची हवाही लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत निफाड-पिंपळगावकडच्या लॉन्सवर रात्री दव पडतं, तासाभरात कंट्रोलरवर हात फिरवला तर ओला लागतो. टेबलावर छत हवंच, आणि सुती पंचा जवळ ठेवा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ताडपत्री घेतल्याशिवाय निघू नका. चातुर्मासात कामं थंडावतात तेव्हा सेट कोपऱ्यात टाकून ठेवू नका, आठवड्यातून एकदा अर्धा तास वाजवा.

जुना माल

मोसम संपला की विकायला निघतो. घ्यायला हरकत नाही. स्पीकरच्या कोनवर (पुढच्या कागदी पडद्यावर) दोन्ही हातांनी सारखा हलका दाब द्या. आत खरखर लागली तर कॉइल घासते आहे. कंट्रोलरच्या यूएसबीच्या भोकात वायर हलवून बघा, फेडर (आवाजाची सरकपट्टी) पूर्ण खाली असताना हेडफोनमध्ये गाणं झिरपतंय का ऐका. नामांकित कंपनीचं स्टिकर लावून आत भलताच ड्रायव्हर घातलेले बॉक्सही बाजारात असतात, म्हणून मूळ बिल मागा.

लाइट दोन-चार एलईडी पार (रंगीत झोत टाकणारे दिवे) पुरेत. लेझर नकोच. डोळ्यांना धोका आहे आणि पाहुण्यांच्या मोबाइलचा कॅमेराही त्याने खराब होऊ शकतो.

नियम

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांत वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस प्रशासन जाहीर करतं, यजमान नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचे किमान १०० मीटर राज्य सरकारने अधिसूचित केले की शांतता क्षेत्र ठरतात. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. ती यजमानाने काढायची की तुम्ही, हे ॲडव्हान्स घेतानाच ठरवा आणि परवानगीची प्रत सोबत ठेवा. जप्तीत जातो तो तुमचा सेट. बॉक्सची तोंडं शेजारच्या खिडक्यांकडे न ठेवता कार्यक्रमाच्या आत वळवली तरी निम्म्या तक्रारी टळतात.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए)मध्ये लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे. हॉटेलातली तिकिटाची पार्टी त्यात बसत नाही, तिथे संगीताचा परवाना आयोजकाने घेतला आहे का हे विचारून घ्या.

कानांचंही बघा. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ साधारण १५ मिनिटांची मानतात, आणि तुम्ही बॉक्सजवळ चार तास बसणार. इअरप्लगची जोडी आम्ही प्रत्येक पहिल्या सेटबरोबर घ्यायला लावतो.

दुकानात येताना लॅपटॉप आणि नेहमीची आठ-दहा गाणी पेन ड्राइव्हवर घेऊन या. १२ आणि १५ इंची शेजारी-शेजारी लावून ऐकवू, शक्यतो सकाळी या, म्हणजे पुरेशा आवाजात ऐकता येईल. दर बदलत असल्याने या पत्रकातले आकडे ढोबळ समजा, नेमकं कोटेशन जीएसटीसह त्याच दिवशी लिहून मिळेल. कॅनन आणि पी-३८ (पाव इंची जॅक) पिना सोल्डर कशा करायच्या हे सेट घेणाऱ्याला आम्ही बसवून शिकवतो, त्याचे पैसे नाहीत. तेवढा अर्धा तास काढून या.