विचारल्याने विचार येत नाही

"तिला असलं काही विचारू नका डॉक्टर, नसतं खूळ डोक्यात शिरेल." ओपीडीत मुलीला घेऊन आलेली आई हे काळजीपोटीच म्हणते. पण आत्महत्येबद्दल विचारल्याने तसा विचार डोक्यात येतो, हा समज चुकीचा आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या ६ शाळांतल्या २,३४२ मुलांवर याची पडताळणी झाली आणि २००५ साली ती प्रसिद्ध झाली. साधारण निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, बाकीच्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं, तर विचारलेल्या मुलांत ना अस्वस्थता वाढली होती, ना तसे विचार. उलट आधीच नैराश्यात असलेल्यांपैकी ज्यांना विचारलं, ती न विचारलेल्यांपेक्षा कमी अस्वस्थ होती.

म्हणून विचारायलाच हवं. आईला थोडा वेळ बाहेर बसवून, केसपेपरवरची नजर उचलून, सरळ: "मरून जावंसं वाटतं का गं?" उत्तर "हो" आलं, तर नुसती गोळ्यांची चिठ्ठी पुरत नाही. तिच्याच शब्दांत कागदावर उतरवायचं: मन बिघडू लागल्याचं कसं कळतं, तेव्हा कशाने सावरतं, रात्री कोणाला फोन करायचा. धोक्याच्या वस्तू तिच्या हाती लागणार नाहीत, हे आईशी ठरवायचं. "महिन्याने या" म्हणायचं नाही; पुढची भेट लवकर, मध्ये एक फोन.

पोलिसांच्या भीतीने लपवूही नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली मानलंय, त्याला शिक्षेपासून संरक्षण दिलंय.

टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६: मोफत, चोवीस तास, मराठीतही.