वर्तमानपत्रात करडी शाई नसते

पेपरातल्या फोटोत फिकट भाग कसा येतो, असं कुणालाही विचारा. ‘तिथे शाई कमी लावत असतील’ हे उत्तर ठरलेलं. पण ऑफसेट असो की जुनं खिळ्यांचं यंत्र, त्याला जागोजागी शाई कमी-जास्त लावता येत नाही. शाई लागते किंवा लागत नाही. मधली सोय नाही. (खळग्यांत शाई भरून छापायच्या ग्रॅव्ह्यूर पद्धतीत आहे, पण तो विषय वेगळा.) तरीही पुढाऱ्याच्या गालावर सावलीच्या छटा व्यवस्थित उतरतात.

भिंग घेऊन एखादा कृष्णधवल फोटो बघा. गालावर बारीक काळे ठिपके दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर सगळीकडे सारखं, आकार मात्र वेगवेगळे. कपाळावर उजेड असेल तिथे ते दिसतील न दिसतील एवढे, आणि केसांत इतके मोठे की एकमेकांत घुसून मधे फक्त पांढरे ठिपके उरलेले. वर्तमानपत्रात इंचाला ठिपक्यांच्या साधारण ८५ ओळी असतात, म्हणजे दोन ठिपक्यांत ०.३ मिलिमीटर. अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोनातले दोन बिंदू आपल्या डोळ्याला सुटे दिसत नाहीत. त्यामुळे पेपर मीटरभर लांब ठेवला की ठिपके मिटतात आणि करडा रंग दिसू लागतो.

हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला भुरळ पडते ती पुढच्या प्रश्नाची: संगणक नव्हता तेव्हा हे आकार ठरवायचं कोण? इंचाला १३३ ओळींच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे फोटो छापायच्या धातूच्या ठशात, एका चौरस इंचात १७ हजारांवर ठिपके. हाताने कोण काढणार?

उत्तर आहे काचेची जाळी. जाळीदार कापडातून फोटो घेण्याची कल्पना छायाचित्रणाचा इंग्रज संशोधक टॅलबट याने १८५२ मध्येच मांडली होती, आणि न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने मार्च १८८० मध्ये असा फोटो छापलाही. पण धंदा बसला तो फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंच्या काचेवर. दोन काचांवर समांतर रेषा कोरायच्या, त्यांत काळा रंग भरायचा आणि काचा काटकोनात चिकटवायच्या. झाली स्क्रीन. ती कॅमेऱ्यात प्लेटच्या, म्हणजे फोटो टिपणाऱ्या काचेच्या, पुढे उभी करत.

पुढे, म्हणजे प्लेटला चिकटवून नाही. सगळी करामत त्या फटीत आहे. चिकटवली तर चित्राचे नुसते एकसारखे चौकोनी तुकडे पडतील. थोडी दूर ठेवली की तिचं प्रत्येक भोक काम करतं ते कौलातल्या भोकाचं. भोक कसंही वेडंवाकडं असो, जमिनीवरचा कवडसा गोल पडतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात तोच कवडसा चंद्रकोरीसारखा होतो. (दारं-खिडक्या लावून, तुळशीपत्रं टाकून आत बसणाऱ्यांना हे दिसायचं कसं?) इथे सूर्याच्या जागी कॅमेऱ्याच्या भिंगाचं छिद्र असतं.

हा इवला कवडसा मधे प्रखर आणि कडेला मंद असतो. आणि त्या काळची, कोलोडियन या चिकट द्रावणाचा लेप दिलेली प्लेट कडक स्वभावाची: ठरावीक मर्यादेवर प्रकाश पडला तर ठार काळी, खाली असेल तर कोरी. पांढऱ्या सदऱ्याकडून भरपूर प्रकाश येतो, तेव्हा कवडशाच्या कडाही मर्यादा ओलांडतात आणि निगेटिव्हवर मोठा काळा ठिपका उमटतो. केसांकडून येणाऱ्या प्रकाशात फक्त मधलं टोक ओलांडतं; ठिपका बारीक. छाया-प्रकाशाचं असं क्षेत्रफळात रूपांतर होतं. निगेटिव्ह उलटी असल्याने पुढे जस्ताच्या किंवा तांब्याच्या ब्लॉकवर केसांना शाई जास्त, सदऱ्याला कमी.

फट किती ठेवायची? शेजारचे कवडसे कडेला नेमके भिडले पाहिजेत. म्हणजे फट भागिले जाळीच्या भोकाची रुंदी हे गुणोत्तर, भिंग ते प्लेट अंतर भागिले भिंगाच्या छिद्राचा व्यास याच्याएवढं हवं. १३३ ओळींच्या जाळीत भोक सुमारे ०.०९५ मिलिमीटर, दुसरं गुणोत्तर ६४ असेल तर फट सुमारे ६ मिलिमीटर. बरेच कारागीर हे अंदाजाने साधत. त्याला गणिताची शिस्त लावणाऱ्यांत कोलकात्याचे उपेंद्रकिशोर राय होते, सत्यजित राय यांचे आजोबा. जाळीच्या फटीवर, ६० अंशांत छेदणाऱ्या रेषांच्या जाळीवर आणि भिंगात एकाऐवजी अनेक छिद्रं ठेवण्यावर त्यांचे लेख इंग्लंडच्या ‘पेनरोज’ या छपाईविषयीच्या वार्षिकात आले. आपले दादासाहेब फाळकेही सिनेमाआधी याच ब्लॉकच्या धंद्यात होते. रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले.

शाई पेपरच्या कागदात पसरते, म्हणून ५० टक्क्यांचा ठिपका ७० टक्क्यांवरही दिसू शकतो. छापखान्यात हे धरूनच ठिपके आधी बारीक करतात.

रंगीत फोटोत चार शाया, म्हणून चार जाळ्या. त्या एकाच कोनात ठेवल्या आणि एखादी केसभर तिरकी झाली की चित्रावर लाटा उठतात. त्यामुळे काळी साधारण ४५ अंशांवर ठेवतात, कारण तिरक्या रेषा डोळ्याला कमी खुपतात. निळी आणि किरमिजी तिच्या दोन बाजूंना ३०-३० अंशांवर. पिवळीला जागा उरत नाही. तिला किरमिजीपासून किंवा निळीपासून १५ अंशांवर दाटीवाटीने बसवतात, कारण पिवळ्यातला दोष कुणाच्या नजरेत भरत नाही. पेपरातल्या फोटोचा मोबाइलने फोटो काढल्यावर दिसणारे पट्टे त्याच जातीचे. तिथे ठिपक्यांची ओळ मोबाइलच्या सेन्सरवरच्या चौकटींशी भांडत असते. फोन जरा तिरका धरा, पट्टे बदलतात, कधी जातातही.