दहा लाथा मोजायच्या की नाही?

बाळ पोटात हलायला लागतं ते आपल्याला कळायच्या कितीतरी आधी. सातव्या-आठव्या आठवड्यातच सोनोग्राफीत त्याची वळवळ दिसते, पण पहिलटकरणीला ती जाणवायला साधारण १८-२० आठवडे लागतात आणि तेव्हाही हे बाळ आहे की गॅसेस, हेच कळत नाही. वार (प्लॅसेंटा) पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर अजून उशीर, मध्ये उशी ठेवल्यासारखंच होतं ना.

मोजायचं डोक्यात आलं ते १९७६ च्या सुमारास, ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरातल्या डॉक्टरांनी बायकांना रोज सकाळपासून बाळाच्या दहा हालचाली मोजायला सांगितल्या, दहा व्हायला किती वेळ लागला ते लिहायचं. नंतर कुणी म्हणालं दोन तासांत दहा. पण १९८९ मध्ये ६८ हजार गरोदर बायकांवर केलेला मोठा अभ्यास आला आणि रोज तक्ता भरल्याने पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाण काही कमी झालेलं दिसलं नाही. आता बरेच डॉक्टर आकड्याच्या मागे लावत नाहीत, २८ आठवड्यांनंतर तुमच्या बाळाची रोजची सवय ओळखा म्हणतात. मला हेच पटतं, कारण कुणाचं बाळ दिवसभर दंगा घालतं तर कुणाचं रात्री आई आडवी झाली की सुरू होतं.

बाळ पोटात झोपतंही, एका वेळी २० ते ४० मिनिटं, ९० मिनिटांच्या वर क्वचितच. म्हणून अर्धा तास शांत म्हणजे लगेच घाबरायचं नाही. पण रोजच्यापेक्षा खरंच कमी वाटलं तर मात्र थांबायचं नाही, कारण वारेतून ऑक्सिजन कमी मिळायला लागला की बाळ आहे तो मेंदू आणि हृदयासाठी राखतं आणि हातपाय हलवणं कमी करतं, मोबाईलची बॅटरी संपत आली की बाकीची ॲप बंद करतो तसं. हे शांत होणं कधीकधी आधीच मिळालेला इशारा असतो.

शेवटच्या महिन्यात जागा कमी म्हणून बाळ कमी हलतं, हे सगळीकडे ऐकायला मिळतं आणि ते चूक आहे. लाथेऐवजी लोळल्यासारखं, ढकलल्यासारखं वाटेल, पण हालचाल कमी होत नाही. उचक्या मात्र यात धरायच्या नाहीत.

शंका असेल तर डाव्या कुशीवर पडून दोन तास फक्त हालचालींकडेच लक्ष द्या, तरी नीट वाटलं नाही तर हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघत बसू नका. आधीच पक्कं जाणवत असेल की आज काहीतरी वेगळं आहे, तर ते दोन तासही नकोत. घरचा डॉप्लर (बाळाचे ठोके ऐकवणारं छोटं यंत्र) लावून ठोके ऐकले आणि निश्चिंत झाले असं तर अजिबात नको, बाळ अडचणीत असतानाही ठोके ऐकू येतात, शिवाय कधी आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा वाटतो. हॉस्पिटलमध्ये पोटाला पट्टे लावून वीसेक मिनिटं ठोक्यांचा आलेख काढतात, बाळ हललं की ठोके वाढतात का ते बघतात, बहुतेक वेळा सगळं ठीक निघतं आणि घरी पाठवतात. दोन दिवसांनी परत तसंच वाटलं तर परत जायचं, ‘परवाच तर येऊन गेले’ म्हणून लाजायचं नाही.