चार ढेकळं आणि तीस वर्षांचा पाऊस

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात पाण्यानं भरलेली घागर चार ढेकळांवर ठेवतात. जेठ, आषाढ, श्रावण, भादवा असे चार महिने. जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस चांगला. हा अंदाज एका सालापुरता. म्हातारी माणसं मात्र पावसाबद्दल बोलताना लागोपाठची सालं धरून बोलतात, आणि त्यात तथ्य आहे. देशाच्या नोंदींतही विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत दुष्काळ वारंवार पडले, १९३० ते १९६० हा काळ बरा गेला, पुढे पुन्हा ओढ.

पाऊस असा का बदलतो, या शोधाची सुरुवात दुष्काळातूनच झाली. १८९९ साली सरकारी अंदाज चांगल्या पावसाचा होता. पडला तो संवत १९५६चा, म्हणजे छपन्नाचा दुष्काळ. १९०४मध्ये गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. माणूस हाडाचा गणिती. जगभरचे आकडे ताडताना त्यांना दिसलं की प्रशांत आणि हिंदी महासागरांवरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो. १९६९मध्ये हवामानशास्त्रज्ञ जेकब बर्कनेस यांनी त्याची सांगड एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी तापण्याशी घातली. पण एल निनो दोन ते सात वर्षांनी येतो. तीस वर्षांचं कोडं तसंच राहिलं.

खळ्यातल्या गुरांच्या हौदाकडे बघा. मे महिन्यात दुपारी शेजारच्या लोखंडी पाइपला हात लावला तर चटका बसतो, हौदातलं पाणी जेमतेम कोमट. रात्री पाइप गार, पाणी अजून कोमटच. समुद्राच्या वरच्या तीनेक मीटर पाण्यात अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता मावते. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस हासेलमान यांनी १९७६मध्ये मांडलं की वाऱ्याचे रोजचे धक्के कसेही येवोत, समुद्र ते साठवत जातो आणि त्यातून वर्षानुवर्षांचे संथ चढउतार घडतात. अशा कामासाठी त्यांना २०२१च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. तापलेलं किंवा निवलेलं पाणी मग उलट वाऱ्यांचीच वाट बदलतं.

उत्तर प्रशांतातल्या अशा चढउताराला ‘पॅसिफिक दशकीय दोलन’ हे नाव १९९६मध्ये स्टीव्हन हेअर यांनी दिलं. ते अलास्काच्या सामन माशांचा अभ्यास करत होते! या दोलनाचा उष्ण टप्पा आणि एल निनो एकत्र आले की भारतातला पाऊस जास्त तुटतो. अर्थात हा नियम नव्हे, कल आहे. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा एल निनो होता, पण दोलन थंड टप्प्यात होतं.