सहावी ते आठवीचा शिक्षक: डी.एड.ची दोन वर्षे आणि वर लागलेली पदवी

सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवायला नेमके कोण पात्र, हा प्रश्न महाराष्ट्रात २०१० पर्यंत फारसा कुणाला पडलाच नव्हता. चौथीपर्यंत प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवीपासून हायस्कूल, अशी राज्याची जुनी घडी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते सातवी डी.एड.वाला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाची दोन वर्षांची पदविका घेतलेला, शिकवी, खासगी हायस्कूलच्या पाचवी-सहावी-सातवीवरही डी.एड.वालाच असे आणि आठवी लागली की बी.एड.वाला येई. एकाच शिक्षकखोलीत शेजारी बसणाऱ्या दोघांचे पगार या एका रेषेवर ठरत. केंद्राच्या शिक्षणहक्क कायद्याने ही रेषा उचलून एक पाचवीच्या पुढे आणि दुसरी आठवीच्या पुढे आखली. तेव्हापासून सुरू झालेला गुंता अजून सुटायचा आहे.

जुन्या काळाचे थोडक्यात सांगायचे तर मुंबई इलाख्यात सातवीची ‘फायनल’ पास झालेला मुलगा मास्तर होत असे. पुढे ट्रेनिंग कॉलेजात जाऊन आला की तो ‘ट्रेंड’, म्हणजे प्रशिक्षित. १८८२ च्या हंटर आयोगापुढे पुण्यातून गेलेल्या महात्मा जोतीराव फुले यांच्या निवेदनात गावचा मास्तर प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, प्रसंगी नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये आणि पगार बारा रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा, अशी मागणी आहे. पात्रता आणि पगार ही जोडी तेव्हापासूनची. स्वातंत्र्यानंतर पी.टी.सी. (प्राथमिक शिक्षकाचे प्रमाणपत्र) आली, १९६२ मध्ये शाळा जिल्हा परिषदांकडे गेल्या, पी.टी.सी.च्या जागी डी.एड. आले, आधी दहावीनंतरचे आणि मग बारावीनंतरचे. या सगळ्या बदलांत एक गोष्ट तशीच राहिली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि तो पूर्ण करणारा पहिलीपासून सातवीपर्यंत कुठेही चालणारा.

‘कुठेही चालणारा’ हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. अध्यापक विद्यालयात, म्हणजे डी.एड. कॉलेजात, छात्राध्यापक आधी सूक्ष्म अध्यापन (काही मिनिटांचा छोटा पाठ) करतो, मग सराव पाठ. प्रत्येक पाठाचे टाचण काढायचे: उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, मग रकाने पाडून शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन. एका आठवड्यात दुसरीचा ‘हातच्याची वजाबाकी’, पुढच्या आठवड्यात सातवीचा ‘प्रकाशाचे परावर्तन’. टाचणाचा साचा तोच. दुसरीच्या मुलाला शिकवण्याची त्याची तयारी बऱ्यापैकी व्हायची, हे मान्य करायला हवे. सातवीचे विज्ञान मात्र त्याने स्वतः दहावीला जेवढे वाचले असेल तेवढ्याच भांडवलावर चाले. बारावी कला शाखेतून आलेल्यांची संख्या मोठी असल्याने हे भांडवलही बेताचेच.

डी.एड.चा सोन्याचा काळ म्हणजे साधारण २००० ते २०१०. बारावीला ऐंशीच्या पुढे गुण असलेली मुले-मुली इंजिनिअरिंगचा नाद सोडून डी.एड.ला रांग लावत होती, कारण दोन वर्षांत सरकारी नोकरी. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधन आणि मग पूर्ण वेतनश्रेणी. मानधन तुटपुंजे होते, पण पुढची शाश्वती मोठी होती. मागणी पाहून गल्लोगल्ली अध्यापक विद्यालये निघाली. ज्याच्याकडे आश्रमशाळा आणि पतसंस्था, त्याच्याकडे डी.एड. कॉलेजही असायचे. व्यवस्थापन कोट्यातल्या जागांचे भाव गावात उघडपणे बोलले जात.

मग फुगा फुटला. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, लाखो मुले फक्त हजेरीपटावर असल्याचे दिसले, शिक्षक अतिरिक्त ठरले आणि २ मे २०१२ पासून भरती बंद झाली. समायोजन, म्हणजे अतिरिक्त शिक्षकाला दुसऱ्या शाळेत सामावणे, हा शब्द घरोघरी गेला. ज्यांनी जमीन गहाण ठेवून मुलीला डी.एड. केले, त्यांच्या घरात प्रमाणपत्र तसेच पडून राहिले. अध्यापक विद्यालयांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि एकामागून एक विद्यालये बंद झाली.

ही भरतीबंदी सगळ्यांना आठवते. पण सहावी ते आठवीचा खरा निर्णय तिच्या आधीच झाला होता, तोही बहुतेकांच्या लक्षात न येता. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक, पण त्यासोबत एक अटही आहे: गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक हवा. पाठोपाठ ऑगस्ट २०१० मध्ये अध्यापक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने किमान पात्रतेची अधिसूचना काढली. पहिली ते पाचवीला बारावी आणि दोन वर्षांची पदविका. सहावी ते आठवीला पदवी आणि दोन वर्षांची पदविका, नाहीतर पदवी आणि बी.एड., नाहीतर बारावीनंतरचा चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम. शिवाय दोन्ही स्तरांना शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी.

म्हणजे आदल्या दिवसापर्यंत सातवीला शिकवायला पुरेशी असलेली पदविका एका कागदाने अर्धी झाली. पदविकेचा अभ्यासक्रम बदलला नाही, तिची दोन वर्षे वाढली नाहीत, तिच्यात विषयज्ञानाची भर पडली नाही. फक्त तिच्यावर पदवी लावायची अट आली. आधी नेमलेल्यांना संरक्षण होते, त्यामुळे कुणाची नोकरी गेली नाही आणि म्हणूनच बहुधा त्या वेळी कुणी रस्त्यावरही आले नाही.

पदवी कोणत्या विषयाची, हा पुढचा पेच. नोकरीत असलेल्या डी.एड. शिक्षकांपैकी बऱ्याच जणांनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेले होते. शाळा सांभाळून, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत अभ्यास करून मिळवलेली ती पदवी. तिला नावे ठेवणाऱ्यांनी आधी द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र सांभाळून दाखवावेत. पण हेही खरे की ती पदवी मराठीची, इतिहासाची, समाजशास्त्राची होती. जिल्हा परिषदांनी पदवीधर विषय शिक्षकांच्या याद्या केल्या तेव्हा भाषा आणि सामाजिक शास्त्रांना नावांची रीघ लागली आणि गणित-विज्ञानाचा रकाना ओसाड राहिला. बी.एस्सी. झालेला डी.एड.कडे वळायचा कशाला? त्याला बी.एड. करून हायस्कूल होते. अखेर बारावी विज्ञान झालेल्या डी.एड. शिक्षकांनाच, पुढे पदवी घेण्याच्या अटीवर, गणित-विज्ञानाला बसवण्याची वाट काढावी लागली. ज्यांना मुदतीत पदवी घेता आली नाही, त्यांचे काय करायचे यावर पुन्हा पत्रव्यवहार.

यापेक्षाही चिघळला तो वेतनश्रेणीचा प्रश्न. पूर्वी पाचवी ते सातवीच्या पदांपैकी २५ टक्क्यांना पदवीधर वेतनश्रेणी मिळे. नव्या रचनेत हा वाटा ३३ टक्के झाला. हिशोब असा की सहावी-सातवी-आठवी असे तीन वर्ग, तीन विषय शिक्षक, त्यांतला एक पदवीधर श्रेणीत. उरलेले दोघे त्याच वर्गांना शिकवतात, कायद्याने त्यांच्याकडेही पदवीच मागितलेली आहे, पण पगार प्राथमिक शिक्षकाचा. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाची सुरुवात २९,२०० रुपये मूळ वेतनावर होते आणि प्रशिक्षित पदवीधराची ३८,६०० वर. महागाई भत्ता चढला की हे अंतर चांगलेच वाढते. ३३ टक्क्यांत कोण बसणार हे ज्येष्ठतेवर, म्हणजे वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढणाऱ्या ज्येष्ठता यादीवर.

परिणाम समुपदेशनाच्या, म्हणजे शिक्षकांना बोलावून रिक्त पदे देण्याच्या, दिवशी दिसतो. जिल्हा परिषदेच्या सभागृहात भिंतीवर रिक्त पदांची यादी लावलेली असते, शाळेचे नाव, तालुका, विषय. नाव पुकारले की शिक्षक पुढे येतो, सही करतो आणि ‘मला विषय शिक्षक पदाची पदस्थापना नको’ असा नकार लिहून देतो. पन्नाशीच्या बाई म्हणतात, “पगार तोच, शाळा चाळीस किलोमीटर लांब, वर आठवीचे बीजगणित. कशाला हो?” त्यांच्यापाशी उत्तर मागण्याचा अधिकार कुणाला असेल तर तो ३३ हा आकडा ज्यांनी ठरवला त्यांना नाही. पदवीची अट मुलांच्या हितासाठी घातली असेल, तर ती पुरी करणाऱ्याला तिचे वेतन न देणे कोणत्या न्यायाने बसते, याचे पटेल असे समर्थन एकाही शासन निर्णयात वाचायला मिळालेले नाही.

खासगी अनुदानित हायस्कूलांत याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. तिथे १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतली अनुसूची ‘फ’ शिक्षकाची ज्येष्ठता ठरवते. पाचवी ते सातवीवर डी.एड. म्हणून लागलेल्याने पुढे पदवी घेतली, तर त्याची ज्येष्ठता नेमणुकीच्या दिवसापासून धरायची की पात्रता वाढल्याच्या दिवसापासून, यावर मुख्याध्यापकपदाचे कितीतरी वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. संस्थाचालकांना हा घोळ सोयीचाच होता, असे म्हटले तर फार चूक ठरू नये.

टीईटीची हकीकत वेगळ्या वळणाची. राज्यातली पहिली परीक्षा १५ डिसेंबर २०१३ ला झाली. पेपर एक पहिली ते पाचवीचा, पेपर दोन सहावी ते आठवीचा. दुसऱ्या पेपरात गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांतले एक निवडायचे. १५० पैकी ९० गुण, आरक्षित प्रवर्गांना सवलत. निकाल इतके कमी लागत की ‘टीईटी नापास’ ही भावी शिक्षकांची ओळखच बनली. जानेवारी २०२० च्या परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे उघड झाले आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. भरतीसाठी वेगळी अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये आली, पुढची थेट २०२३ मध्ये. २०१० साली डी.एड. पास झालेला उमेदवार एवढ्या काळात वयोमर्यादेच्या कडेला जाऊन उभा राहिला.

दरम्यान पदविकेचे नावही बदलत गेले. डी.एड.चे डी.टी.एड. झाले आणि २०१४ च्या केंद्रीय विनियमांनंतर देशभर डी.एल.एड. हेच नाव ठरले. त्याच विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले. लोक अजूनही डी.एड.च म्हणतात. २०१८ मध्ये अध्यापक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीची दारे उघडली, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करण्याच्या अटीवर. डी.एड.वाल्यांना वरचे वर्ग पदवीशिवाय बंद आणि खालच्या वर्गांत बी.एड.वाले वाटेकरी, अशी ही दुहेरी कोंडी पाच वर्षे टिकली. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरासाठी बी.एड. ही पात्रता नव्हे असे स्पष्ट केले, तेव्हा डी.एल.एड. प्रवेशांत थोडी धुगधुगी आली. सहावी ते आठवीत मात्र दोघेही, पदवी असेल तर, समोरासमोर.

नव्या राष्ट्रीय धोरणाने २०२० मध्ये सहावी ते आठवी हा ‘मध्यम’ टप्पा म्हणून वेगळा काढला आणि २०३० पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पदवी असेल असे म्हटले. हा अभ्यासक्रम २०२३-२४ पासून देशातल्या निवडक संस्थांत सुरू झाला. पदवी आणि प्रशिक्षण एकाच चार वर्षांत, त्यात मध्यम टप्प्याची स्वतंत्र निवड. कागदावर तरी सहावी ते आठवीच्या शिक्षकासाठी खास बेतलेली ही पहिलीच वाट. दोन वर्षांच्या पदविकेचे पुढे काय, याचे उत्तर अध्यापक विद्यालयांना आजही विचारत बसावे लागते.

सर्वांत ताजे वळण १ सप्टेंबर २०२५ चे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचे, नाहीतर सक्तीची निवृत्ती. पाच वर्षांच्या आत असलेल्यांना नोकरीत राहता येईल, पदोन्नती मात्र नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. २०१० ला ज्यांना संरक्षण मिळाले होते, ते सगळे पुन्हा रांगेत आले. २३ नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेला आई एका केंद्रावर आणि मुलगी दुसऱ्या केंद्रावर, असेही घडले. सहावी ते आठवीवर असलेल्या बी.ए., डी.एड. शिक्षकांपैकी अनेकांनी अर्ज भरताना सामाजिक शास्त्रांचा पर्याय निवडला, जरी त्यांच्यातले कितीतरी जण गेली दहा-बारा वर्षे गणित शिकवत आहेत.