पुढे केलेला पेला

भयपटातला पंथ म्हटलं की काळे झगे, मेणबत्त्या, सुरा. पण १९४३ च्या ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’मधले सैतानपूजक न्यूयॉर्कमधले सुशिक्षित, नीटनेटके लोक आहेत आणि त्यांनी अहिंसेची शपथ घेतलेली आहे. गुपित फोडणाऱ्या बाईला ते खुर्चीत बसवतात, समोर विषाचा पेला ठेवतात आणि पी म्हणून तासन् तास गळ घालतात.

१९६८ मध्ये ‘रोझमेरीज बेबी’त तोच पेला शेजारणीच्या हाती आला. गरोदर बाईसाठी रोज घरी केलेलं ‘पौष्टिक’ पेय. भिडेपोटी ती पिते. त्याच वर्षी हॉलिवूडची जुनी आचारसंहिता जाऊन चित्रपटांना प्रेक्षकांच्या वयानुसार श्रेणी देणं सुरू झालं. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये एका गुरूच्या चेल्यांनी हत्या केल्या आणि पडद्यावरची भीती वर्तमानपत्रांत छापून येऊ लागली.

मग १८ नोव्हेंबर १९७८. दक्षिण अमेरिकेतल्या गयानात, जिम जोन्स या अमेरिकी धर्मगुरूच्या पंथानं वसवलेल्या जोन्सटाउन वसाहतीत ९०० हून अधिक माणसं सायनाइड मिसळलेल्या सरबतानं मेली. बातम्यांनी शब्द रूढ केला, ‘सामूहिक आत्महत्या’. तो आजही सर्रास वापरला जातो आणि तो मुळातच लंगडा आहे. मृतांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं होती. सुरुवात त्यांच्यापासूनच झाली. तान्ह्यांच्या तोंडात सिरिंजनं विष सोडलं गेलं. भोवती शस्त्रधारी पहारा होता. विष दिलं गेलं त्या शेवटच्या सभेची ध्वनिफीत उपलब्ध आहे. तीत एक बाई मुलांना जगण्याचा हक्क आहे म्हणून वाद घालते आणि तिला गप्प करतात ते शेजारी बसलेले लोकच. याला आत्महत्या कुठल्या तोंडानं म्हणायचं? इंग्रजीत मात्र आंधळ्या भक्तीला ‘सरबत पिणं’ म्हणण्याची थट्टेखोर पद्धत पडली. जणू सगळे आपखुशीनं रांगेत उभे होते.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत लोकांना पाळणाघरांतही सैतानपूजक दिसू लागले. खटले चालले, पण तशा संघटित टोळ्यांचा पुरावा मिळाला नाही.

‘मिडसोमर’मध्ये (२०१९) अंधारही उरला नाही. स्वीडनचा न मावळणारा दिवस, पांढरे कपडे, फुलं. नायिका कोसळून रडते तेव्हा गावातल्या बायका तिला घेरून बसतात. तिच्या श्वासाला श्वास जुळवतात, तिच्याच सुरात हंबरडा फोडतात. सोबत आलेल्या प्रियकरानं तिच्यासाठी एवढं कधीच केलेलं नसतं.